रिकाम्या गोठ्यातला वीकएण्ड

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून निघताना डोक्यात एकच प्रश्न असतो, कुठे पळायचं? लोणावळ्याला सगळी मुंबई आधीच पोचलेली असते. अलिबागचंही तेच! मग पनवेलहून नेरे, मालडुंगे करत धोदाणीला जाणारा रस्ता पकडून बघा. सोबतीला गाढी नदी, समोर माथेरानचा डोंगर आणि भातशेतांच्या कडेला अधूनमधून एखादा पडका गोठा. मी सुचवतेय तो हा गोठाच.

हसू नका! मे महिन्यात अशाच एका गोठ्यात मी अख्खी दुपार काढली (मालकांना विचारून हं, कुणाच्याही शेतात असंच घुसायचं नसतं). बाहेर रणरणतं ऊन, आत मस्त गारवा. कारण भिंती कुडाच्या. म्हणजे कारवीच्या काठ्या उभ्या बांधायच्या आणि त्यावर माती-शेणाचा गिलावा. वरचा हातभर भाग मुद्दाम न लिंपलेला, वारा खेळावा आणि माळ्यावरचा पेंढा कुबट होऊ नये म्हणून. खाली गव्हाण, दाव्यांचे खुंटे. ऐनाच्या खांबांना हात लावला तर कमरेच्या उंचीवर ते चक्क गुळगुळीत! पिढ्यान् पिढ्या गुरांनी माना घासून केलेलं पॉलिश. आमच्या ओळखीतल्या एका इंटीरियरवालीला असं फिनिश हवं असतं, ते ती मशीनवर करून घेते.

वर मंगलोरी कौलं. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला ज्यांचा कारखाना काढला, त्या घराण्यातली. पण कौलारू छप्पर हे लाडावलेलं प्रकरण. दरवर्षी पावसाआधी कौलं चाळावी लागतात. दोन-तीन वर्षं विसरलात की एका फुटक्या कौलातून पाणी शिरतं, रीप कुजते, शेजारची कौलं घसरतात, मग पाऊस थेट कुडावर. माती धुऊन जाते, काठ्या उघड्या पडतात. त्यामुळे गोठा कधीपासून रिकामा आहे, हे साधारण त्याच्याकडे बघूनच कळतं.

आपल्याला जी शांतता वाटते ती अशी येते. कुणाचं तरी काम थांबलेलं असतं, म्हणून ती असते. 'किती रोमॅण्टिक' म्हणताना हे आठवलं की जरा अवघडायला होतं.

गोठ्याचे मालक सत्तरीतले. मी विचारलं, ''काका, दुरुस्त का नाही केलात?''

''कोनासाठी, ताई? नांगराला पॉवर टिलर आला, बैल गेलं. दूध पिशवीत येतंय. गुरा नाय तं पेंढा कोन खानार?''

तरी त्यांचा गोठा जागेवर होता. पनवेलच्याच दुसऱ्या बाजूला, विमानतळासाठी १० गावं उठली. घरं, गोठे, देवळं सगळं. माणसांना वडघर, करंजाडे, पुष्पकनगर अशा ठिकाणी प्लॉट मिळाले, पण गुरं बांधायला प्लॉटवर जागा कुठली? ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटन झालं, २५ डिसेंबरपासून विमानं उडायला लागली. माझ्यासारखीला सोयच झाली म्हणा! पण त्या रनवेखाली कुणाकुणाची खळी होती, हे आता सांगूनच कळणार.

धोदाणीच्या रस्त्यावरचे गोठे वेगळ्या वाटेने जाताहेत. जुनं लाकूड आणि कौलं शोधत फार्महाऊसवाले, कॅफेवाले फिरतात. काकांकडेही एक पार्टी येऊन गेली. पूर्ण गोठाच उचलून न्यायला तयार होती! खरं सांगू? मला तो एखाद्या कॅफेत एसीखाली टांगलेला बघायचा नाहीये. त्यापेक्षा इथेच पडू दे.

काकांना मात्र असला काही घोळ नव्हता. धड असलेली कौलं त्यांनी देऊन टाकायचं ठरवलंय. ऐनाचे खांब देणार नाहीत. नातू घर बांधतोय, त्याच्या ओटीला ते लागतील. दोन खांब तर काढूनही झाले होते. धुऊन, बांधावर उन्हात आडवे ठेवलेले.