किनाऱ्याचा प्रकाश आणि किनाऱ्याचे कष्ट : चित्रकार सोरोया

समुद्रकिनाऱ्याचे चित्र पाहताना प्रेक्षकाचे लक्ष प्रथम पाण्याच्या रंगाकडे आणि आकाशाच्या विस्ताराकडे जाते. त्या पाण्यावर ज्यांचा उदरनिर्वाह चालतो, ती माणसे अशा चित्रांत बहुधा दूरच्या ठिपक्यांएवढीच असतात. स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावरील व्हॅलेन्सिया शहरात जन्मलेले वास्तववादी चित्रकार होआकीन सोरोया (1863-1923) यांनी मात्र या माणसांना चित्राच्या मध्यभागी आणले. आपल्या प्रदेशाचा किनारा हाच विषय मानून त्यांनी जी तैलचित्रे रंगविली, त्यांमुळे व्हॅलेन्सियाची पुळण जगाच्या कलानकाशावर कायमची नोंदली गेली.

प्रांतिक मंडळाची शिष्यवृत्ती

सोरोया यांचे बालपण कष्टाचे होते. ते दोन वर्षांचे असताना 1865 च्या पटकीच्या साथीत त्यांचे आईवडील दगावले. मावशीने व तिच्या पतीने त्यांचा आणि त्यांच्या बहिणीचा सांभाळ केला. मावशीचे पती कुलुपे तयार करणारे कारागीर होते. त्यांच्या कारखान्यात हाताखाली काम करीत असतानाच सोरोया कारागिरांसाठी असलेल्या शाळेत चित्रकलेचे धडे घेऊ लागले व पुढे शहरातील सान कार्लोस कलाशाळेत दाखल झाले. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात त्यांनी व्हेलाथ्केथ या सतराव्या शतकातील थोर चित्रकाराच्या कृतींचा अभ्यास केला.

त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले ते एका स्थानिक संस्थेमुळे. व्हॅलेन्सियाचे प्रांतिक मंडळ, म्हणजे आपल्याकडील जिल्हा परिषदेशी साधारणतः तुलना करता येईल अशी संस्था, होतकरू चित्रकारांना रोम येथे शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देत असे. 1884 साली सोरोया यांनी ती स्पर्धेतून मिळविली. नेपोलियनच्या विरुद्ध 1808 मध्ये उठावाची हाक देणारा एक सामान्य काडीविक्या, हा त्यांच्या स्पर्धाचित्राचा विषय होता. एका अनाथ, कारागिराच्या घरी वाढलेल्या मुलाला परदेशी शिक्षण घेता आले, ते या सार्वजनिक निधीमुळेच.

पुळणीवरची कार्यशाळा

इटलीतील शिक्षणानंतर सोरोया माद्रिदला स्थायिक झाले. तथापि चित्रविषयांच्या शोधात ते वारंवार व्हॅलेन्सियाला परतत. एल काबान्याल ही कोळीवस्ती आणि तिच्या लगतची माल्वारोसाची पुळण ही त्यांची खरी कार्यशाळा होती. मोठमोठे कॅनव्हास वाळूवरच उभारून, ऊन आणि वारा यांना आडोसा करून ते प्रत्यक्ष दृश्यासमोर रंगकाम करीत.

तैलरंगात रंगद्रव्य जवसासारख्या तेलात घोटलेले असते. हे तेल हवेतील प्राणवायूशी संयोग पावून सावकाश सुकते. त्यामुळे ओल्या रंगावर ओला रंग चढविता येतो, छटा एकमेकींत मिसळता येतात आणि नको असलेला भाग खरवडून काढता येतो. किनाऱ्यावरील प्रकाश मात्र चित्रकारासाठी थांबत नाही. रंग सावकाश सुकणारा आणि दृश्य भराभर बदलणारे, हा मेळ घालण्यासाठी सोरोया रुंद कुंचल्याने, जाड व वेगवान फटकारे मारीत.

त्यांच्या चित्रांतील पांढरा रंग अभ्यासण्याजोगा आहे. 1896 च्या ‘शिडाची शिलाई’ या चित्रात एक भले मोठे पांढरे शीड जवळजवळ सारी जागा व्यापते. पण त्यात निव्वळ पांढरा रंग थोडाच आहे. उन्हाच्या बाजूस पिवळसर, सावलीत निळसर-जांभळा, झाडांजवळ हिरवट अशा छटांनी ते शीड घडले आहे. वस्तूचा रंग तिच्यावर पडणाऱ्या आणि भोवतालून परावर्तित होणाऱ्या प्रकाशानुसार बदलतो, हे तत्त्व विद्यार्थ्यांना समजावून देण्यास याहून सोपे उदाहरण सापडणे कठीण.

मासळीची खरी किंमत

1894 साली त्यांनी रंगविलेली दोन चित्रे शेजारी ठेवून पाहावीत. ‘मासेमारीहून परत’ या चित्रात वाऱ्याने फुगलेल्या शिडाची होडी बैलांच्या जोडीकरवी पाण्याबाहेर ओढली जात आहे. होड्या किनाऱ्यावर घेण्याची ही तेथील नित्याची रीत होती. हे चित्र फ्रान्सच्या शासनाने विकत घेतले व ते आज पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे.

दुसऱ्या चित्राचे नावच ‘अजूनही म्हणतात, मासळी महाग!’ असे आहे. होडीच्या अंधाऱ्या पोटात एक तरुण खलाशी जखमी होऊन पडला आहे. दोन वयस्क सहकारी त्याची शुश्रूषा करीत आहेत. मागे पकडलेली मासळी दिसते. चित्रात आक्रोश नाही. बाजारात भावासाठी घासाघीस करणाऱ्या ग्राहकाला त्या भावात काय काय समाविष्ट असते, एवढेच ते दाखविते. प्रादो संग्रहालयातील हे चित्र आजही कोणत्याही किनारी प्रदेशातील प्रेक्षकाला आपले वाटावे असे आहे.

1899 च्या ‘दुःखद वारसा’ या भव्य चित्रात एका धर्मसेवकाच्या देखरेखीखाली समुद्रस्नानास आलेली अपंग मुले दिसतात. कुबड्यांच्या आधारे पाण्याकडे जाणाऱ्या या मुलांच्या चित्राला 1900 च्या पॅरिस जागतिक प्रदर्शनात सर्वोच्च पारितोषिक मिळाले. पुढे सोरोया उन्हात पळणारी मुले आणि किनाऱ्यावरील आनंदी दृश्ये अधिक रंगवू लागले. त्यांची हीच चित्रे आज अधिक लोकप्रिय आहेत. परंतु त्यांतील प्रकाशाचे मोल आधीच्या चित्रांमुळेच पुरते कळते.

प्रदेशांची नोंद

न्यूयॉर्कच्या ‘हिस्पॅनिक सोसायटी ऑफ अमेरिका’ या संस्थेत 1909 साली त्यांच्या 356 चित्रांचे प्रदर्शन भरले आणि महिनाभरात सुमारे 1 लाख 60 हजार लोकांनी ते पाहिले. त्यानंतर संस्थेचे संस्थापक आर्चर हंटिंग्टन यांनी स्पेनच्या विविध प्रदेशांचे जीवन दर्शविणारी चित्रमालिका त्यांच्याकडे सोपविली. 1912 ते 1919 या काळात गावोगाव हिंडून सोरोया यांनी 14 भव्य चित्रे पूर्ण केली. पोशाख, सण, बाजार, मासेमारी यांची ही नोंद होती. शेवटचे चित्र आयामोंते या दक्षिणेकडील बंदरातील ट्यूना मासेमारीचे आहे. या परिश्रमांनी त्यांची प्रकृती खालावली. 1920 मध्ये चित्र रंगवीत असतानाच त्यांना पक्षाघात झाला आणि 10 ऑगस्ट 1923 रोजी त्यांचे निधन झाले. पत्नी क्लोतिल्दे यांनी माद्रिदचे राहते घर आणि संग्रह राष्ट्राला अर्पण केला. तेथे 1932 पासून सोरोया संग्रहालय आहे.

बैलांनी होड्या ओढण्याची रीत यांत्रिक नौकांच्या काळात मागे पडली. ती कशी होती, बैलांच्या पायांभोवती पाणी कसे उसळत असे आणि शीड कसे फुगत असे, हे आज या चित्रांतून कळते. प्रत्येक किनाऱ्यावर अशा रीती असतात व त्या नकळत नाहीशा होत असतात. शाळेतील चित्रकलेच्या तासाला मुलांना आपल्या गावचे बंदर, जाळी विणणारे हात आणि लिलावाची गर्दी समोर बसून रेखाटायला लावणे, हे यादृष्टीने नोंदीचेही काम ठरते. त्यांतील एखाद्या मुलाच्या हातात विशेष गुण आढळल्यास त्याच्या पुढील शिक्षणाची तरतूद करणे स्थानिक संस्थांच्या आवाक्याबाहेरचे नाही. व्हॅलेन्सियाच्या प्रांतिक मंडळाने 1884 साली केलेला खर्च असाच होता, आणि तो काडीविक्याचे चित्र आजही त्या मंडळाच्याच संग्रहात आहे.