मुलांची तालीम आणि मुलांची झुंज

आपले मूल सुदृढ व्हावे ही पालकांची इच्छा रास्तच आहे. परंतु सर्व झुंजी एकाच मापाने मोजणे आम्हांस मान्य नाही. कुस्तीत प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीस लावावयाची असते. मुष्टियुद्धात मस्तकावरील प्रहारासही गुण मिळतात. याच कारणास्तव अमेरिका व कॅनडा येथील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी २०११ साली मुलांच्या मुष्टियुद्धास विरोध दर्शविला. थायलंडात आठव्या वर्षापासून झुंजणारा एक १३ वर्षांचा मुलगा २०१८ साली सामन्यात मस्तकास मार लागून दगावला. कुस्तीही सर्वथा निर्धोक नव्हे. तथापि जाणता वस्ताद जोर-बैठकांनी अंग कसवून घेतो, मगच तोलामोलाची जोड ठरवितो. पालकहो, मुलास मातीत अवश्य उतरवा. मात्र इनामाच्या लोभाने त्याचे मस्तक पणास लावू नका.