‘एहसान’ या शब्दाचा मूळ अर्थ

“त्याचे माझ्यावर मोठे एहसान आहेत,” असे आपल्या बुलढाणा जिल्ह्यात कोणीही सहज बोलून जातो. एहसान म्हणजे उपकार, एवढेच आपण धरून चालतो. मूळ अरबीत मात्र या शब्दाचा अर्थ आहे, एखादे काम सुंदर रीतीने, मन ओतून करणे. मोहरमात आपल्या कानी पडणारी हसन आणि हुसेन ही नावे त्याच धातूपासून झालेली आहेत.

हदीसमध्ये एक प्रसंग येतो. पांढरीशुभ्र वस्त्रे ल्यालेला एक अनोळखी गृहस्थ पैगंबरांपुढे येऊन बसला. इस्लाम म्हणजे काय, ईमान म्हणजे काय, हे विचारून झाल्यावर त्याने विचारले, एहसान म्हणजे काय? ईश्वर डोळ्यांपुढे आहे अशा भावनेने त्याची उपासना करावी. तो आपल्याला दिसत नसला, तरी आपण त्याला दिसतोच, असा उत्तराचा आशय होता. तो गृहस्थ म्हणजे देवदूत जिब्रील.

आता हे व्यवहारात कसे उतरते पाहा. शुक्रवारी मशिदीत खांद्याला खांदा लावून रांगा उभ्या राहतात. त्यात कोणाचे चित्त नमाजात आहे आणि कोणाचे खामगावच्या बाजारात कापसाच्या भावापाशी, हे शेजाऱ्यालाही कळत नाही. रोज्याचेही तसेच. रमजान उन्हाळ्यात आला म्हणजे शेतावर एकट्याने काम करणाऱ्या मजुराजवळ पाण्याचा माठ असतोच. घोटभर प्याला तर कोण पाहणार? शिल्लक संपत्तीचा चाळिसावा हिस्सा जकात म्हणून द्यायचा, तो हिशेबही बहुधा ज्याचा त्यानेच करायचा. माप मारणाऱ्यांना तर कुराणाने फार कडक शब्दांत फटकारले आहे.

पशू कापतानासुद्धा सुरी धारदार असावी, त्या मुक्या जीवाला त्रास कमी व्हावा, अशी आज्ञा एहसानाच्याच नावाने दिलेली आहे. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

होळीच्या सुमारास सैलानीला मोठी यात्रा भरते. हिंदू आणि मुसलमान दोघेही येतात, होळीत नारळ पडतात, संदल निघतो. त्या गर्दीत मनाचा तोल गेलेल्या आपल्या माणसाला घेऊन आलेली कुटुंबेही असतात. (अशा रुग्णाचे दवाखान्यातले औषध मात्र चुकवू नये, हे जाता जाता सांगतो.) संदलाभोवती सगळे जमलेले असताना कोणी बाजूला बसून अशा भावाला घास भरवत असेल, तर मी एहसान तिथे शोधीन.