खेळ सिद्धांत व सहकार्य

एकाच्या निर्णयाचे फळ दुसऱ्याच्या निर्णयावर अवलंबून असते, अशा परिस्थितींचा गणिती अभ्यास म्हणजे खेळ सिद्धांत. जॉन फोन नॉयमान व ओस्कर मॉर्गेनस्टर्न यांनी १९४४ मध्ये ग्रंथरूपाने त्याची पद्धतशीर मांडणी केली. स्वहित पाहणारी माणसे सहकार्य का करतात, हा त्यातील एक मूलभूत प्रश्न होय. ‘कैद्यांचा पेच’ या १९५० मधील उदाहरणात दुसरा कसाही वागला, तरी प्रत्येकास दगा देणेच लाभाचे असते. परंतु दोघांनीही दगा दिल्यास दोघेही सहकार्यातील लाभास मुकतात. रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी संगणकावर घेतलेल्या स्पर्धांत हाच खेळ वारंवार खेळविला असता ‘जशास तसे’ ही नीती सरस ठरली. प्रथम सहकार्य करावयाचे व पुढे प्रतिपक्षाचे अनुकरण करावयाचे, असे तिचे स्वरूप आहे. पुन्हा गाठ पडण्याची शक्यता हा अशा सहकार्याचा पाया होय.

मुंबईच्या अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर इ. उपनगरांतील सहकारी गृहनिर्माण संस्थांत या तत्त्वाची शक्ती व मर्यादा दोन्ही दिसतात. देखभालीची वर्गणी दरमहा द्यावयाची असते व शेजार दीर्घकाळचा असतो. त्यामुळे परस्परांची भीड राहते. जुन्या इमारतीचा पुनर्विकास मात्र बहुधा एकदाच होतो. त्यास सर्वांची संमती आवश्यक मानल्यास अखेरचा सभासद जादा मोबदल्यासाठी काम अडवू शकतो आणि इतरांना जीर्ण घरांतच राहावे लागते. म्हणून राज्य शासनाने सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९ अ खालील निदेशांन्वये २००९ मध्ये तीन-चतुर्थांश बहुमताची व २०१९ मध्ये ५१ टक्के सभासदांच्या संमतीची अट घातली. जेथे पुन्हा डाव खेळावयाचा नसतो, तेथे परस्परविश्वासाचे कार्य नियमांना करावे लागते.