सोळा भाज्या, दोन पोळ्या आणि सकाळची गोळी

भाद्रपदात महालक्ष्म्या बसल्या की वऱ्हाडातल्या घरांचे रूपच पालटते. पुण्या-मुंबईची मंडळी सुट्टी टाकून अकोल्याला, बडनेऱ्याला उतरतात. एरवी दोन माणसांच्या घरासमोर चपलांचा ढीग पडतो. ज्येष्ठा-कनिष्ठेला साड्या नेसवून, दागिने घालून झाले की हल्ली आधी रील आणि मग आरती! नणंदेचे स्टेटस जास्त जणांनी पाहिले की भावजयीचे, हाही आता सोहळ्याचाच भाग. पण खरी परीक्षा असते ती दुसऱ्या दिवशीच्या पंगतीत.

पानात काय नसते? पुरणाची पोळी, तूप, आंबील, कढी, वडे, भजी, चटण्या, कोशिंबीर आणि सोळा भाज्या. पोट भरले म्हणून पानावर हात आडवा धरावा, तर वाढणारी मावशी म्हणते, "काहून लाजता जी, एक पोयी तं घ्या!" आणि गंमत म्हणजे ती पोळी खरेच जाते. कुठे जाते, याचे उत्तर विज्ञानाकडे आहे.

एकच चव सतत खात राहिले की मेंदूला तिचा कंटाळा येतो. पण तो कंटाळा त्या चवीपुरताच असतो. चव बदलली की भूक पुन्हा डोके वर काढते. 1981 साली बार्बरा रोल्स आणि सहकाऱ्यांनी हे सँडविचवर तपासले. एकाच प्रकारचे सारण असलेल्या सँडविचपेक्षा चार प्रकारचे सारण मिळाल्यावर लोकांनी सुमारे एक तृतीयांश जास्त खाल्ले. तिथे सारणे चार होती; आपल्याकडे नुसत्या भाज्याच सोळा!

दुसरे कारण सोबतीचे. जॉन डी कास्ट्रो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने लोकांना आठवडाभर खाण्याच्या नोंदी ठेवायला लावल्या. एकट्याने घेतलेल्या जेवणापेक्षा चारचौघांतले जेवण सरासरी 44 टक्के मोठे भरले. सोबतीला घरचे आणि मित्र असले, तर हा परिणाम अधिक. गप्पा लांबतात, पंगत लांबते आणि हात चालूच राहतो. संध्याकाळी सगळे टीव्हीसमोर बसून 'चला हवा येऊ द्या'मधला भारत गणेशपुरेंचा एखादा जुना वऱ्हाडी प्रवेश बघतात, तेव्हा चिवड्याचे ताट कधी रिकामे झाले हे कोणालाच कळत नाही. लक्ष पडद्यावर असले की खाल्लेल्याचा हिशेब राहत नाही.

मग काय, हसणे आणि जमणे बंद करायचे? मुळीच नाही. रॉबिन डनबार आणि सहकाऱ्यांच्या 2011 च्या प्रयोगांत, विनोदी कार्यक्रम पाहून पोटभर हसलेल्यांची वेदना सोसण्याची ताकद वाढलेली दिसली. हसण्याने शरीरात एंडॉर्फिन स्रवत असावे, असा त्यांचा निष्कर्ष. तेव्हा हसा भरपूर. जपायचे आहे ते दुसरीकडे.

महालक्ष्म्यांच्या दिवशी नैवेद्याला हमखास उशीर होतो. पंगत बसेपर्यंत दुपारचे तीन वाजतात. घरातल्या आजीने मात्र मधुमेहाची गोळी सवयीने सकाळीच घेतलेली असते आणि नैवेद्याआधी खायचे नाही म्हणून पोट रिकामे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांची साखर अशा वेळी 70 मिलिग्रॅमच्या खाली घसरू शकते. घाम, थरथर, धडधड, चिडचिड, बोलण्यात गोंधळ ही तिची लक्षणे. पाहुण्यांच्या गडबडीत 'दमली असेल' म्हणून ती नजरेआड होतात, आणि धोका तिथेच आहे. असे दिसताच तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर तपासावी आणि ती वर आली की काहीतरी खायला द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना गाठावा.

त्यापेक्षा आधीच सोय केलेली बरी. सणाच्या दिवशी औषध कधी आणि किती घ्यायचे हे डॉक्टरांना चार दिवस आधी विचारावे. मनाने गोळी बंद करू नये. देवीच्या स्वयंपाकाला हात न लावता आजीला दूध, फळ किंवा वेगळी केलेली भाकरी वेळेवर देता येते. पोळी अर्धीच वाढावी, भाजी-कोशिंबीर आधी खायला द्यावी. 'पुरण डाळीचे, त्यात गूळ, मग काय होते?' हा युक्तिवाद खपत नाही. गुळानेही साखर वाढतेच.

आणि जेवणानंतर लगेच आडवे होण्याऐवजी दहा-पंधरा मिनिटे रमतगमत चालावे. पायांचे स्नायू रक्तातली साखर वापरतात आणि जेवणानंतरची तिची उसळी कमी होते. शेजारपाजारच्या महालक्ष्म्यांच्या दर्शनाला जायचेच असते ना? मग गाडी न काढता पायी जा. वऱ्हाडी माणसाचा आग्रह कोणाला मोडवत नाही. यंदा तो आणखी एका पोळीऐवजी सोबत चालायला येण्याचा करून पाहा.