एकाच रवणीची पिल्ले लहान-मोठी का?

एकाच खुडूक कोंबडीखाली एकाच दिवशी ठेवलेल्या अंड्यांतली पिल्लेही महिनाभरात लहान-मोठी दिसू लागतात. यातला काही फरक अंड्यातूनच आलेला असतो. नुकत्या निघालेल्या पिल्लाचे वजन अंड्याच्या वजनाच्या साधारण दोन-तृतीयांश भरते. ४० ग्रॅमच्या अंड्यातले पिल्लू सुमारे २७ ग्रॅमचे, तर ५५ ग्रॅमच्या अंड्यातले ३६-३७ ग्रॅमचे असते. नुकतीच अंड्यावर आलेली तलंग लहान अंडी घालते, म्हणून तिची पिल्लेही बारकी निघतात.

एका कोंबडीखाली वेगवेगळ्या जातींची अंडी ठेवली असतील, तर दुसरे कारण जात. मध्य प्रदेशातल्या झाबुआ भागातली कडकनाथ अंगाने लहान आणि सावकाश वाढणारी. वनराज, गिरिराज या परसातल्या पालनासाठी तयार केलेल्या सुधारित जाती मात्र झपाट्याने वजन धरतात. एकाच जातीत नर मादीपेक्षा लवकर भरतो. म्हणून तुलना एकाच जातीच्या, एकाच वयाच्या आणि शक्यतो एकाच लिंगाच्या पिल्लांत करावी.

बाकीचा फरक संगोपनातून पडतो. आईविना वाढणाऱ्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते; पुढे दर आठवड्याला ती अंदाजे ३ अंशांनी कमी करतात. पिल्ले उबेसाठी लावलेल्या बल्बखाली एकमेकांवर चढू लागली तर ऊब कमी पडते आहे. चोच उघडी टाकून लांब पांगली तर जास्त झाली आहे. गारठलेल्या पिल्लाचे खाणे अंग गरम ठेवण्यातच खर्ची पडते. खाद्याचे भांडे एकच असेल तर दांडगी पिल्ले पोट भरून घेतात आणि दुबळी मागे रेटली जातात. भांडी वाढवून ती लांब-लांब ठेवली की हा प्रकार बराच कमी होतो. नुसत्या कण्यांवरही वाढ खुंटते, कारण लहान पिल्लांच्या खाद्यात सुमारे २० टक्के प्रथिने लागतात.

तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात ओलसर जागेत रक्ती हगवणीचा धोका असतो. पंख पाडून बसणे, खाणे सोडणे, विष्ठेत रक्त ही तिची लक्षणे. अशा वेळी पशुवैद्यकाकडून औषध घ्यावे. जंत झाले असतील तरीही पिल्ले खातात, पण खाल्लेले अंगी लागत नाही.

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी वजन केले की दुखणे आणि निव्वळ लहान चण यांतला फरक कळतो. पिल्लू लहान असूनही चपळ असेल, चरत असेल आणि त्याचे वजन दर आठवड्याला वाढत असेल, तर काळजीचे कारण नाही. वजन थांबले किंवा घटले, तर त्याला वेगळे ठेवून खाऊ घालावे. बरीच पिल्ले एकदम मागे पडली, तर दोष ऊब, खाद्य किंवा रोग यांत शोधावा. सगळी सोय असूनही आपल्याच जातीच्या व वयाच्या पिल्लांमागे रेंगाळणारे पिल्लू पुढे पैदाशीसाठी ठेवू नये.