‘बेर्बेना’ : वनस्पती आणि जत्रा

स्पॅनिश भाषेत ‘बेर्बेना’ या एकाच शब्दाने दोन गोष्टींचा बोध होतो. एक, ‘व्हर्बेना ऑफिसिनॅलिस’ ही फिकट जांभळ्या फुलांची कडू वनस्पती. दुसरी, एखाद्या संताच्या सणाच्या पूर्वसंध्येस उघड्यावर भरणारी रात्रीची जत्रा. माद्रिदच्या ऑगस्टमधील अशा जत्रेवर आधारित ब्रेतोन यांची १८९४ सालची संगीतिका प्रसिद्धच आहे.

या शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये आहे. परंतु तेथे तो आरंभी कोणा एका वनस्पतीचा वाचक नव्हता. देवकार्यात वापरावयाच्या लॉरेल, ऑलिव्ह, मर्टल अशा कोणत्याही पवित्र डहाळ्यांना तो लावीत. आपल्या पूजेतील ‘पत्री’ या शब्दाशी त्याचे साम्य आम्हांस लक्षणीय वाटते. रोमचे पुरोहित-दूत तहासाठी निघताना गडावरून उपटलेली पवित्र तृणे सोबत नेत. त्यांतील ती वाहणाऱ्यास ‘वेर्बेनारियुस’ म्हणत, आणि लिव्ही या इतिहासकाराच्या वर्णनात ते चक्क गवत आहे! पहिल्या शतकातील प्लिनी मात्र हे नाव विशिष्ट औषधीस जोडतो.

पुढे स्पेनमध्ये २४ जूनच्या संत जॉनच्या सणास पहाटे रानात जाऊन ही वनस्पती खुडण्याची चाल पडली. ‘बेर्बेना खुडावयास जाणे’ म्हणजे त्या रात्रीचा जागर, नाचगाणे, आणि अखेर जत्रा असा अर्थविस्तार झाला. आज जत्रेत वनस्पती नसली तरी नाव टिकून आहे.

नामसादृश्यावरून द्रव्यनिश्चिती करणाऱ्या चिकित्सकाने येथे सावध व्हावे. युरोपात ‘व्हर्बेना’ म्हणून मिळणारा लिंबाच्या वासाचा चहा पुष्कळदा दक्षिण अमेरिकेतून आलेल्या ‘ॲलॉयसिया’चा असतो, त्या वंशास स्पेनच्या मारिया लुईसा हिचे नाव आहे. औषधी व्हर्बेनास तो वासही नाही. एकाचे गुण दुसऱ्यास लावणे युक्त नव्हे. ‘रास्ना’ व ‘शंखपुष्पी’ यांच्या नावाखाली बाजारात काय काय येते, हे वैद्यबंधूंना सांगावयास नको.

याच शब्दावरून ‘व्हर्बिनेसी’ हे कुलनामही आले. आपल्या जुन्या द्रव्यगुणाच्या पुस्तकांत निर्गुंडी, भारंगी, गंभारी व अग्निमंथ याच कुलात आढळतात. १९९० च्या दशकापासून वनस्पतिशास्त्रज्ञांनी ही चारही द्रव्ये तुळशीच्या ‘लॅमिएसी’ कुलात नेली. जलपिप्पली व घाणेरी मात्र पूर्वीच्याच कुलात राहिल्या. तेव्हा जुन्या टिपणांतील कुलनाम विद्यार्थ्यांना सांगण्यापूर्वी पडताळून घ्यावे.